अजरखची लुंगी घ्यावी का बागची? घामाळ माणसाचा अनुभव

गेल्या वर्षभरात तिघाचौघांनी मला हेच विचारलं, की भो तू त्या ठशांच्या लुंग्या घालतोस त्यातली कोणती घेऊ, आणि दर वेळी फोनवर अर्धा तास जातो म्हणून एकदाच लिहून टाकतो. कापड सुतीच घ्यायचं, लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, हे खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत घरात बनियन-लुंगी हाच युनिफॉर्म. प्रश्न एवढाच की हातठशांची घ्यायचीच ठरवली तर कच्छची अजरख घ्यायची का मध्य प्रदेशातली बाग प्रिंट. (बाग हे गावाचं नाव आहे, धार जिल्ह्यातलं. आमच्या शेजारच्या अप्पांना अजून वाटतं मी बगिच्यात मिळणाऱ्या लुंगीबद्दल बोलतो.)

मी अजरख चार वर्षं वापरली, बाग तीन वर्षं वापरतोय, मधे एक बाटिकपण (मेणाने नक्षी झाकून रंगवलेली) येऊन गेली.

दिसण्याचं म्हणाल तर अजरखला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. तो खोल निळा, त्यात गडद लाल, आणि चांदण्यांसारखी ती बारीक बारीक भूमिती. सिंध आणि कच्छातले गुरं राखणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच कमरेला गुंडाळत आले, खांद्यावर टाकत आले, म्हणजे मुळातच हे अंगावर वागवायचं कापड आहे. चांगल्या अजरखला दोन्ही बाजूंनी ठसे मारलेले असतात आणि लुंगीच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे, कारण लुंगीला उलटी-सुलटी बाजू राहतच नाही. गच्चीवर वारा आला, मांडी घातली, गुडघ्यावर दुमडून घेतली, की आतली बाजू बाहेर. बागच्या लुंगीला ठसा एकाच बाजूला, उलटीकडून रंग फिका दिसतो. मला आता सवय झाली, पण पहिल्यांदा घेणाऱ्याला खटकेल.

हाताला लागण्यातही माझी अजरख पहिल्या दिवसापासून मऊ होती, बनवतानाच तिला इतक्या वेळा धुतात-वाळवतात. बागची सुरुवातीला जरा कडक वाटली, पाच-सहा धुण्यांनंतर बसली अंगाला.

बाटिकचं थोडक्यात सांगतो. उज्जैनजवळ भैरवगडला मेणाचं काम चालतं, तिथली एक लुंगी मित्राने दिली होती. कापड रंगात बुडवतात म्हणून दोन्हीकडून सारखीच, मेणाला तडे जाऊन ज्या बारीक शिरा उमटतात त्या तर एक नंबर. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की माझ्या लुंगीला मेणचट वास यायचा. नीट उकळून मेण काढलं नसेल कदाचित, सगळ्यांच्याच अशा असतील असं नाही. खरी जावाची सारोंग (तिकडची लुंगीच म्हणा) एकाने इंडोनेशियाहून आणलेली मी फक्त बघितलीय. तिथे चांटिंग नावाच्या छोट्या तांब्याच्या तोटीतून मेणाने हाताने रेघ न् रेघ काढतात, 2009 साली युनेस्कोने त्या कलेला वारसा म्हणून मान दिला, तसली वस्तू नेसून मी गच्चीवर डास मारणार नाही. तिच्याकडून एक गोष्ट मात्र उचलली. सारोंग नळीसारखी शिवलेली असते, रात्री झोपेत सुटत नाही. आपली लुंगीपण टेलरकडून दोन टोकं जोडून तशी करून घेता येते, एका शिलाईचं काम आहे. बाहेर झोपणाऱ्यांनी विचार करावा.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे माझं ठरलं.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाडीला गेलो होतो, अमळनेरला. दुपारी आमरस झाला, वरती पुरणपोळी झाली, कूलरसमोर खाटेवर आडवा झालो. सासूबाईंनी जावई म्हणून पांढरीशुभ्र नवी चादर टाकलेली. मी माझी लाडकी अजरख नेसलेलो, लाईट गेली, कूलर बंद, आणि एप्रिलमधल्या अमळनेरात कूलर बंद म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दीड तासाने उठलो तर चादरीवर माझा नकाशा. कंबर कुठे होती, मांड्या कुठे होत्या, कोणत्या कुशीवर वळलो, सगळं निळ्या रंगात. गुडघ्याच्या मागे मी स्वतः निळा. धाकटा मेव्हणा हसून लोळला, सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी खाटेवर जुनी सतरंजी होती.

बरं ही नवीकोरी लुंगी नव्हती, आठ-दहा वेळा धुतलेली. धुताना पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघायचं म्हणून मी निर्धास्त. नंतर कळलं की अजरखचा निळा रंग ज्या निळीचा असतो ती नीळ वेगळ्या स्वभावाची आहे. ती धाग्याशी रासायनिक गाठ बांधत नाही, हवा लागली की बारीक कण होऊन धाग्यात अडकून बसते, म्हणून पाण्यात फारशी सुटत नाही पण घासलं की निघते. जीन्सचा रंग मांडीवर आधी उडतो तो याच कारणाने. आता घाम, उष्णता आणि खाटेवर दीड तास घासाघीस, हे तिन्ही एकत्र आणल्यावर दुसरं काय होणार. चांगले कारागीर जास्तीचा रंग धुऊन काढतात, त्यांच्या अजरखला हा त्रास कमी असेल, माझी एका प्रदर्शनातून घाईत घेतलेली होती. पण तेव्हापासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतानापण मी मागे वळून बघायचो. घरातल्या कपड्यात माणूस निवांत पाहिजे, तो निवांतपणाच गेला.

बागच्या लालचं गणित उलटं आहे. आधी कापडाला एरंडेल, मीठ आणि शेळीच्या लेंड्या अशा मिश्रणात मुरवतात (वास धुऊन जातो, घाबरू नका), मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. लालसाठी तुरटी आणि चिंचोक्याची खळ ठशाने लावतात, काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाची. मग वाहत्या पाण्यात धुऊन तांब्याच्या मोठ्या भांड्यात ॲलिझरीन (लाल रंग देणारं द्रव्य) आणि धायटीच्या फुलांसोबत उकळतात. लाल खरा चढतो तो त्या उकळीत, तुरटी त्याला धाग्याशी पकडून ठेवते. धायटी आपल्या सातपुड्यात पण फुलते, लहानपणी आम्ही ती फुलं नुसती चोखायचो. तीन उन्हाळे झाले, माझ्या बागच्या लुंगीने चादरीवर काही म्हणता काही सोडलं नाही.

धुळ्याहून बाग फार लांबही नाही. शिरपूर, सेंधवा, बडवानी, कुक्षी करत आम्ही गेलो होतो, सकाळी लवकर निघालो आणि जाता जाता बौद्ध लेणीपण बघितली. तिथले खत्री रंगारी मूळचे सिंधकडचे, म्हणजे अजरखवाल्यांच्याच गोतावळ्यातले म्हणा ना. ठसा टेकवून वरून मूठ मारण्याची त्यांची लय तासभर बघत बसलो आणि बायको कापडाच्या ढिगात हरवली. घ्यायला म्हणून एक लुंगी गेलो होतो, आणलं काय ते विचारू नका.

दोष बागमध्ये पण आहेत. लाल, काळा आणि पांढरट जमीन (ठशांमधलं मोकळं कापड), यापलीकडे फारसं मिळत नाही, सहा लुंग्या घेतल्या तरी लोकांना वाटणार याच्याकडे एकच आहे. काळा ठसा लोखंडाचा, त्यामुळे त्या जागी कापड लवकर विरतं, माझ्या जुन्या लुंगीला काठाजवळ काळ्या फुलांच्याच जागी भोकं पडायला लागलीत, लाल शाबूत. बोरचं पाणी लोखंडी असेल तर जमीन मळकट होते, हिरड्याला लोखंड चालत नाही, आमच्याकडे म्हणून ती नळाच्या पाण्यात वेगळी धुतात. आणि लिंबू सांडू नका. शेवभाजीवर पिळताना माझ्या हातून सांडलं, काळ्यावर जो फिकट तपकिरी डाग पडला तो अजून आहे.

याच कापडाचा रोब, म्हणजे कपड्यांवरून घालायचा सैल लांब झगा, शिवायचा असेल तर मात्र मी इतकं ठाम बोलणार नाही. आपल्याकडे रोब निघतो तो डिसेंबर-जानेवारीत, सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायला, तेव्हा घामाचा प्रश्नच नाही आणि आत कपडे असतातच. तिथे अजरख खुशाल घ्या, बाही दुमडली तरी आतून तितकीच देखणी दिसते. आत पांढरा बनियन नको एवढंच. मी बागच्याच कापडाचा शिवून घेतला आणि आत जुन्या साडीचं अस्तर लावून गोधडीसारखा धावदोरा घालून घेतला. आई बघून म्हणाली, "हाई काय शे? गोधडीले बाह्या लायात का?" म्हणू दे, ऊब भारी आहे. खिसे मोठे सांगा, टेलर लोक त्यात मोबाईल मावेल असा विचार करत नाहीत.

घेताना एक करा. पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर पाच-सहा वेळा दाबून घासा. विकणारा जरा तोंड वाकडं करेल, करू द्या. रुमाल निळा झाला तर कितीही आवडली असली तरी ती लुंगी नेसायची नाही, पडद्याला घ्या. माझी अजरख आता बायकोच्या कपाटाच्या दारावर लटकते आणि खरं सांगायचं तर तिथे ती माझ्या कमरेपेक्षा चांगली दिसते.

सासुरवाडीला मी हल्ली बागचीच नेतो. सासूबाई अजून सतरंजीच टाकतात.