वाफसा ओळखणारा कंट्रोलर

लातूरमधील आमच्या सोसायटीच्या बागेत पाणी सोडणारा जुना टायमर काढून स्मार्ट कंट्रोलर बसविला, त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे भर पावसात ठिबक चालू असलेले आम्हाला पाहवत नव्हते. टायमरला केवळ वेळ कळत असे. आमच्याकडे ताशी ४ लिटरचे ३०० ड्रिपर आहेत, म्हणजे पावसात तासभर चाललेल्या एका पाळीला १,२०० लिटर पाणी नाहक जात होते.

नवा कंट्रोलर तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस पाहून बाष्पीभवनाचा अंदाज बांधतो व त्यानुसार पाळी लांबवितो किंवा रद्द करतो. शिवाय मुळांजवळ पुरलेला ओलावा-सेन्सर, आपल्या भाषेत सांगायचे तर, वाफसा (जादा पाणी निचरून माती ओलसर आणि भुसभुशीत राहण्याची स्थिती) आला की नाही हे कळवितो. जुने सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपा, २४ व्होल्टचे असल्याने ते तसेच ठेवता आले आणि काम अर्ध्या दिवसात उरकले.

मात्र बसविणाऱ्याने मातीचा प्रकार 'पोयटा' (मध्यम, चांगल्या निचऱ्याची माती) असा भरून ठेवला होता आणि ते आमच्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. आमची माती काळी, भारी. ती पाणी सावकाश पिते आणि प्यायलेले बराच काळ धरून ठेवते. तोवर मोगऱ्याची खालची पाने पिवळी पडली आणि हिरवळीवरून ओघळलेले पाणी फाटकापर्यंत पोहोचले. प्रकार बदलल्यावर कंट्रोलरने हिरवळीची २१ मिनिटांची पाळी ७-७ मिनिटांच्या तीन भागांत, मध्ये मुरायला अवधी ठेवून, विभागली. तेव्हापासून फाटकाजवळ चिखल झालेला नाही. ही एक नोंद तपासल्याशिवाय बसविणाऱ्याला जाऊ देऊ नये, असे मी कळकळीने सांगेन.

दुसरी तक्रार प्रवाहमापकाची. तो या संचात नाही, वेगळा घ्यावा लागतो. बोअरच्या पाण्यातील गाळामुळे एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला, तेव्हा ॲपवर 'बंद' दिसत असताना पाणी रात्रभर वाहत होते. गाळणी नियमित धुतली पाहिजे आणि प्रवाहमापक पहिल्याच दिवशी घ्यावा. त्यात काटकसर करू नये. महापालिकेच्या बागा आणि दुभाजकांवर अशी यंत्रणा यावी असे मला मनापासून वाटते, परंतु फुटक्या नळ्या आधी बदलल्या नाहीत तर तेथेही हेच होईल.

आमचे माळीमामा आजही खुरप्याने वीतभर माती उकरून मुठीत दाबून पाहतात आणि मग ॲपवरचा आकडा विचारतात. मुठीत ढेकूळ होत नसताना आकडा भरपूर ओल दाखवीत होता, हे त्यांनीच पकडले. सेन्सर नेमका ड्रिपरखाली पुरलेला निघाला; तो दोन ड्रिपरच्या मध्ये सरकविल्यावर दोघांचे उत्तर जुळू लागले.