'ऑटोफोकस वर्किंग' म्हणून गळ्यात मारलेली ५० एमएम लेन्स, सेकंडहँड घेणाऱ्यांनी वाचा

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सनंतर पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) कोणती म्हटलं की जो तो ५० एमएम एफ १.८ च सुचवतो. स्वस्त, हलकी, कमी उजेडात चालते, मागचं मस्त ब्लर होतं. मागणी असते म्हणून लबाडीलाही भरपूर वाव. माझ्यासोबत झालं ते लिहितोय, निकॉनवाल्यांनी तर नक्कीच वाचा.

जाहिरात अशी: 'निकॉन एएफ ५० एमएम १.८, ऑटोफोकस वर्किंग, मिंट कंडिशन'. माझी बॉडी, म्हणजे कॅमेरा, डी५३०० आहे हे मी आधीच सांगितलं, चॅट अजून आहे माझ्याकडे, तर विकणारा म्हणे "बिनधास्त घ्या, निकॉनला निकॉन चालतेच". वर व्हिडिओ पाठवला, लेन्स खर्रखर्र करत फोकस पकडतेय, फोटो झकास. पैसे गेले, कुरिअर आलं, लावली तर स्क्रीनवर 'एफईई' असा एरर. विचारलं तर म्हणाला मागची अ‍ॅपर्चरची (उजेड आत येतो त्या भोकाची) रिंग २२ वर नेऊन लॉक करा, केली, एरर गेला (तेवढं एकच खरं बोलला गडी). पण शटर अर्धं दाबलं तरी लेन्स ढिम्म हलेना.

तर भानगड अशी की ही जुनी १.८ डी. हिच्यात मोटरच नसते, माउंटवर स्क्रूसारखी बारीक खाच असते आणि कॅमेऱ्यातली मोटर ती फिरवते. डी९०, डी७०००, डी७५० अशा बॉड्यांमध्ये ती मोटर आहे, डी३००० ते डी३५०० आणि डी५००० ते डी५६०० मध्ये नाही, म्हणजे आपल्यासारख्या नवशिक्यांकडे जे कॅमेरे असतात नेमके तेच. याने व्हिडिओ काढला मोटरवाल्या बॉडीवर. मिररलेसवाल्यांनो, एफटीझेड अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स मिररलेसला जोडणारा) लावलात तरी ही मॅन्युअलच राहते.

ओळखायची कशी? १.८ ते २२ आकड्यांची रिंग दिसली की डी किंवा त्याहून जुनी. २०११ ला आलेल्या एएफ-एस ५० एमएम १.८ जी ला ती रिंग नाही आणि मोटर लेन्समध्येच आहे. जाहिरातीत नुसतं 'एएफ' असेल तर 'एस' मनाने जोडू नका. याच्या प्रत्येक फोटोत अंगठा बरोब्बर त्या रिंगवर होता!

बरं, मॅन्युअल तर मॅन्युअल, व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका बघून फोकस जमतो, म्हणून वापरायला घेतली. १.८ ला फोटो ठीक, ८ वर गेलं, म्हणजे भोक लहान केलं, की पांढरेफटक. हे खरं दुखणं. फोटो निघेपर्यंत अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असतं आणि शटर दाबल्यावर ते लहान करणाऱ्या पात्या क्षणात मिटाव्या लागतात, त्यांच्यावर तेल उतरलं असेल तर त्या वेळेत पोचत नाहीत, जादा उजेड आत येतो. १.८ वर पात्यांना हलायचंच नसतं, त्यामुळे तिथे काही कळत नाही. व्हिडिओतले सगळे फोटो १.८ चे का होते ते आता कळलं ना.

हातात घेऊन बघता आली तर रिंग २२ वर ठेवा, मागची छोटी दांडी बोटाने सरकवा, पात्या उघडतील, सोडली की चटकन मिटल्या पाहिजेत. माझ्या लेन्सच्या झोपेतून उठल्यासारख्या सावकाश मिटतात आणि टॉर्च मारला की तेल चमकतं. कुरिअरने मागवताय तर तुमच्याच मॉडेलच्या बॉडीवर, एफ ८ ला काढलेले फोटो मागा, टाळाटाळ केली की सोडून द्या. साफसफाईचा खर्च विचारला मी, दुसरी जुनी लेन्स येईल त्यात.

परत घे म्हटलं तर उत्तर "व्हिडिओत चालताना दाखवली होती ना", मग ब्लॉक. परवा मित्राच्या अकाउंटवरून बघितलं, अजून एका ५० एमएमची जाहिरात लावलीय, व्हिडिओ तोच, फक्त खाली आता 'सर्व निकॉन बॉडीवर चालते' एवढं वाढवलंय.