बोर्ड इंटेलचा, रॅम 'फक्त एएमडी'ची : माझे ३,२०० रुपये असे गेले

जुन्या मशीनला स्वस्तात रॅम टाकायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा.

माझं डीटीपीचं काम. मशीन इंटेलचं थर्ड जनरेशन आय-५, मदरबोर्ड एच-६१, रॅम डीडीआर-३. ऐन लग्नसराईत डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरलड्रॉ जाम व्हायला लागलं, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यातून रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या) घेतल्या. १,४५० ला एक, दोनचे रोख २,९००. शेजारचा एकीचेच २,१०० सांगत होता. मग कोण स्वस्त सोडेल? 'पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर' म्हणाला. तेही तिथे सगळेच म्हणतात. चिठ्ठीवर लिहिलं, '१६ जीबी रॅम, टेस्टेड ओके.'

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. त्याने माझ्यासमोर काउंटरवरच्या मशीनला दोन्ही स्टिक लावल्या, बायोस (मशीनच्या सेटिंगची स्क्रीन) उघडलं, '१६३८४ एमबी' वर बोट ठेवलं आणि म्हणाला, 'बघा साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत.' बोटाच्या दोनच ओळी वर प्रोसेसरचं नाव होतं. एएमडी, म्हणजे इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी! एका स्टिकवरच्या स्टिकरचा कोपरा खरवडलेलाही होता. पण गिऱ्हाइकाने आकडा बघायचा की जादूगाराचा दुसरा हात?

घरी आल्यावर बीप-बीप आणि काळी स्क्रीन. जुनी स्टिक लावली की मशीन चालू, नवीन लावली की बंद. खोडरबराने सोनेरी पट्टी घासली, स्लॉट बदलले, बोर्डाचा सेल काढून बायोस रिसेट केलं. शेवटी ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे नेलं. त्याने ३०० घेतले आणि एका वाक्यात निकाल दिला: 'ही एएमडी-ओन्ली आहे.' या स्टिकवरच्या चिपची रचना वेगळी असते, तिला एक्स-४ म्हणतात. एएमडीचे जुने बोर्ड ती चालवून घेतात, इंटेलचा मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) घेत नाही. म्हणजे माल खराब नाही, माझ्यासाठी निरुपयोगी आहे. आणि घेताना मी बोर्ड इंटेलचा आहे हे स्पष्ट सांगितलं होतं!

म्हणून रॅम घेताना स्वतःच्या मशीनचं कॅबिनेट उचलून दुकानात न्या आणि त्यातच लावून बघा. लाज वाटू देऊ नका, रिक्षाचे पैसे परवडतात.

परत गेलो तर गाळेवाला म्हणे, 'माल चालू आहे, तुमचा बोर्ड गेलाय. हवं तर दोन्हींचे ५०० देतो.' चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी स्टिक उलटीपालटी करून विचारलं, 'हा पेनड्राइव्ह का?' मग, 'हा दिवाणी मामला आहे, बिल आणा.' ग्राहकांचं ऐकायला म्हणून जे कार्यालय बसवलंय, तिथे तक्रार नोंदली. काही दिवसांनी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कोणी काढली, कशी काढली, पैसे कुठे? उत्तर नाही. फोन लावला तर दुकानाचा जीएसटी नंबर मागतात. अहो, तो बिलावर असतो, आणि बिल देत नाही हीच तर तक्रार आहे!

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणंही त्यातच येतं, बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. काउंटरवर हे मोठ्याने बोला, बाकीची गिऱ्हाइकं ऐकतात. चिठ्ठीवर 'इंटेल बोर्डासाठी' असं लिहून घ्या, पैसे यूपीआयने द्या. माझे रोख गेले, म्हणून पुरावा फक्त ती चिठ्ठी.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. ५०० ला मी त्या स्टिक परत देणार नाही.