जेडमॅच: डीएनए चढवताना पोलिसांना 'हो' म्हणावं का?

जेडमॅच म्हणजे डीएनएवरून नातेवाईक शोधून देणारी वेबसाइट, आणि 'हो' म्हणजे गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांना आपली माहिती ताडून पाहू देणं. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते सांगतेच, पण त्याआधी हे सांगायला हवं की वंशावळीच्या हौसेपोटी मी इथे आलेच नाही. मी रँचो कॉर्डोव्हाला राहते, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला. जून १९७६ मध्ये इथल्याच एका घरात शिरून ज्याने या भागातला आपला पहिला बलात्कार केला, तो पुढची दहा वर्षं कॅलिफोर्नियाभर मोकाट होता. १३ खून आणि पन्नासच्या आसपास बलात्कार. २४ एप्रिल २०१८ ला तो सापडला सिट्रस हाइट्सला, आमच्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर, स्वतःच्या घरी. जोसेफ डीअँजेलो, वय ७२. त्याच्यापर्यंत पोचायला मोठा हातभार लागला तो या जेडमॅचचा.

आमच्या शेजारच्या आजींकडे अंगणात उघडणारं सरकतं काचेचं दार आहे. त्याच्या खालच्या पन्हाळीत त्या रोज रात्री एक लाकडी दांडा आडवा टाकतात. जुन्या झाडूचा कापलेला दांडा आहे तो, रंग पार उडालाय. ७६-७७ साली दुकानांतली कुलपं संपली होती, नवरे आळीपाळीने जागायचे, असं त्या सांगतात. तो झोपलेल्या जोडप्याच्या तोंडावर टॉर्च मारायचा, नवऱ्याला बांधून पालथा पाडायचा आणि त्याच्या पाठीवर कपबशा रचायचा. कपबशी वाजली तर दोघांना मारीन, ही धमकी. फेब्रुवारी १९७८ मध्ये रँचो कॉर्डोव्हातच, कुत्र्याला फिरवायला निघालेलं एक तरुण जोडपं त्याने गोळ्या घालून मारलं.

अटकेची बातमी आली तेव्हा मला वाटलं, आजी सुटकेचा श्वास सोडतील. त्या भडकल्या. कारण हा माणूस त्या वर्षांत ऑबर्नला पोलीस होता. १९७९ साली दुकानातून हातोडा आणि कुत्रे पळवायचा फवारा चोरला म्हणून नोकरी गेली, तोवर अंगावर वर्दी होती. पुढे सत्तावीस वर्षं रोझव्हिलला एका किराणा कंपनीच्या गोदामात ट्रक दुरुस्त करत होता. "म्हणजे आमच्यातच होता," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. ऑफिसात, वाण्याच्या दुकानात, आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत, सगळीकडे तोच हिशोब चालू होता: आपण कधी त्याच्या शेजारी उभे होतो का?

आता सेवेबद्दल. जेडमॅच डीएनए तपासून देत नाही. थुंकीची नळी कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीला पाठवायची, त्यांच्याकडून कच्च्या माहितीची झिप फाइल उतरवून घ्यायची आणि ती इथे चढवायची. मूळ सेवा फुकट आहे, जास्तीची साधनं हवी असतील तर पैसे. पान जुनाट दिसतं, नवख्याला सुरुवातीला काही कळत नाही. पण फाइल चढली की जगभरातल्या कुणाशी तुमचे किती सेंटीमॉर्गन (डीएनएचे जुळणारे तुकडे मोजायचं माप) जुळतात याची यादी समोर येते, नाव आणि ईमेलसकट. पोलिसांनाही एवढंच दिसतं. तुमची कच्ची फाइल त्यांच्या हाती पडत नाही.

डीअँजेलोच्या बाबतीत १९८० च्या व्हेंचुरातल्या दुहेरी खुनातला जपून ठेवलेला नमुना वापरला. सरकारी गुन्हेगार-नोंदीत तो माणूस नव्हताच, आणि त्या नोंदीत डीएनएमधल्या मोजक्या २० जागा तपासतात, ज्यातून लांबचं नातं कळत नाही. इथे लाखो जागा ताडून पाहतात. त्यातून लांबचे चुलत-मावस नातेवाईक मिळाले, मग वंशावळतज्ज्ञ बार्बरा रे-व्हेंटर आणि तपास अधिकाऱ्यांनी १८०० च्या सुमाराच्या पणजोबा-खापरपणजोबांपासून खाली उतरत वंशवृक्ष मांडले. शेवटी त्याच्या गाडीच्या दाराची मूठ आणि कचऱ्यातला टिश्यू यांनी खात्री पटवली. अटक नात्यावरून झाली नाही, त्याच्या स्वतःच्या डीएनएवरून झाली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याआधी २०१७ मध्ये असाच माग चुकीच्या दिशेने गेला होता आणि ऑरेगनमधल्या एका नर्सिंग होममध्ये पडून असलेल्या ७३ वर्षांच्या निरपराध माणसाचा नमुना कोर्टाच्या हुकमाने घेतला गेला.

कापलेला तारा विश्वासाचा. २०१८ च्या शोधाचा पत्ता खुद्द जेडमॅचला बातम्यांतून लागला, मग सभासदांना कोण विचारणार? पुढे त्यांनी फक्त खून आणि लैंगिक अत्याचारासाठी पोलिसांना मुभा दिली, आणि यूटामधल्या एका मारहाणीच्या प्रकरणात स्वतःच तो नियम वाकवला. गुन्हा भयंकरच होता, चर्चमध्ये एकट्या ऑर्गन वाजवत बसलेल्या वृद्ध बाईवर हल्ला. तरी शब्द दिला होता ना? ओरड झाल्यावर मे २०१९ पासून 'हो' म्हणाल तरच पोलिसांना दिसेल, असं झालं. जुलै २०२० मध्ये हॅकिंग झालं आणि सगळ्यांचीच माहिती काही काळ पोलिसांच्या शोधाला उघडी पडली. दरम्यान मालकही बदलले: आधी व्हेरोजेन, मग २०२३ मध्ये कियाजेन. ज्याच्यावर भरवसा टाकून तुम्ही 'हो' म्हणालात तो उद्या तिथे असेलच असं नाही.

आपल्या लोकांसाठी आणखी एक. यादीत आपली माणसं फारच कमी. माझ्या यादीत बहुतेक गुजराती आणि तेलुगू नावं, तीही अगदी पुसट नात्याची. मराठी आडनाव शोधावं लागतं. शिवाय माझी आजी आजोबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. पिढ्यान् पिढ्या जातीत, नात्यात लग्नं झालेल्या घरांत तुकडे वाजवीपेक्षा जास्त जुळतात आणि नातं आहे त्याहून जवळचं दिसतं. सात सेंटीमॉर्गनच्या जुळणीवर हुरळून जाऊ नका.

'हो' म्हणण्याआधी मी साताऱ्याला दादाला फोन केला, कारण माझी फाइल म्हणजे अर्धी त्याचीही. तो म्हणाला, "पोलिसांच्या भानगडीत आपण होऊन कशाला पडतेस? उद्या माझ्या नातवाचं नाव निघालं तर?" मी म्हटलं, "दादा, खून करून बसला असेल तर निघू दे." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काकूलाही विचार. तिची मुलं तिकडेच आहेत." काकूंना विचारलं. त्यांनी आजींच्या दांड्याची गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि मग, "टाक बाई," म्हणाल्या.

मी 'हो' केलं आहे. तुम्हाला करायचं नसेल तर फाइल चढवताना 'खाजगी' निवडा. नुसतं 'नाही' म्हटलंत तर गुन्ह्याच्या तपासात तुम्ही दिसत नाही, पण बेवारस मृतदेहांची ओळख पटवायला तुमची माहिती वापरली जाते. त्याला माझी तरी काहीच हरकत नाही.