परवाना खरा, माणूस खोटा

विट्याकडच्या माणसाला परमुलूख नवा नाही. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं कितीतरी घरांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईवर (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात) देशभर धाडली. पण त्या वाटेवर भावकीतला नाहीतर गावातला कुणीतरी आधी पोचलेला असायचा. आखातात तसा कुणी नसतो, आणि तिथंच मधला माणूस शिरतो. माझ्या भाच्याचे एक लाख चाळीस हजार अशाच एकानं खाल्ले, म्हणून हे लिहितोय.

पोरगा नववी पास, आयटीआय वेल्डर. 'कतारला वेल्डर पाहिजेत, राहणं-जेवण कंपनीचं' ही जाहिरात त्याला फेसबुकवर दिसली. समोरचा गडी हुशार निघाला. 'फसवणारे लई आहेत, आधी खात्री करून घ्या' असं तोच म्हणाला आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलची लिंकही त्यानंच पाठवली. तिथं नोंदणीकृत भरती एजंटांची यादी असते. मुंबईच्या एका एजन्सीचं नाव, परवाना क्रमांक, सगळं जुळलं. जुळणारच! एजन्सी खरीच होती, हा बाबा तिचा नव्हता.

यादीत नाव सापडलं की बहुतेक लोक तिथंच थांबतात. खरं काम त्यापुढं आहे. त्याच यादीत एजन्सीचा पत्ता आणि फोन दिलेला असतो, तिथं फोन लावून 'हा माणूस तुमचा का?' असं विचारायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं दिलेला 'ऑफिसचा नंबर' कामाचा नाही, तो त्याच्याच टोळीतला कुणीतरी उचलतो. 'मी त्यांचा सांगलीचा सब-एजंट' असं कुणी म्हणालं तर बोलणं तिथंच तोडा, कायद्यात सब-एजंट चालतच नाही.

मुलाखत सांगलीत एका लॉजवर झाली. मग नोंदणी, मेडिकल, व्हिसा, तिकीट असं करत पैसे थोडे थोडे गेले, आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400, तेही पावती देऊन. आमच्याकडं पावती म्हणून आहेत ते फक्त यूपीआयचे स्क्रीनशॉट.

मेडिकल सांगलीतल्याच एका लॅबमध्ये उरकलं. कतारच्या वर्क व्हिसाचं मेडिकल कतार व्हिसा सेंटरमध्ये होतं, आपल्याला जवळचं ते मुंबईचं. बोटांचे ठसे आणि करारावरची सहीही तिथंच. हे दाजींना, म्हणजे पोराच्या बापाला, कोण सांगणार? मलाही व्हिसाची पीडीएफ हातात आली तेव्हा शोधाशोध करून कळलं. त्या पीडीएफवर 'व्हिजिट' लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, 'तिकडं गेल्यावर बदलून देतो, सगळे असेच जातात.'

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'परदेशी नोकरीला जाण्याआधी तपासणी लागेल' असा शेरा लागतो. तसा पासपोर्ट घेऊन कतारसह 18 देशांत नोकरीला जायचं तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्या रस्त्यानं गेलं की करार नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांसाठी 275 रुपयांत 10 लाखांचा अपघात विमा मिळतो. व्हिजिटवर गेलेला वेल्डर मचाणावरून पडला तर यातलं काहीच हाताशी नसतं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण पोरगा त्या कागदावर विमानात बसला नाही हे बरं झालं.

मुंबईच्या एजन्सीला आम्ही यादीतल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस वैतागलेला होता, आमच्या नावावर असे धंदे चालतात म्हणाला. त्यांनी लेखी पत्र दिलं, ते तक्रारीला जोडलं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून शेवटच्या हप्त्यातले काही पैसे बँकेत गोठले. आधीचे कधीच काढून नेले होते. 'व्हिसा स्टॅम्पिंग'साठी म्हणून दिलेला मूळ पासपोर्ट मात्र त्याच्याकडंच आहे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता, एजंटाला तो अडवून ठेवता येत नाही, हे आम्ही तक्रारीत वेगळं लिहून दिलंय. नव्या पासपोर्टला अर्ज करताना आता तीच तक्रार जोडायची आहे.