‘हसी’ची आई ‘हाउसवाइफ’: जुन्या शिव्या शोधायला ऑक्सफर्डचा ऑनलाइन कोश

जुन्या इंग्रजी नाटकात ‘वेंच’ दिसली की भाषांतरकार बेधडक ‘छिनाल’ लिहून मोकळा होतो. बऱ्याचदा ती नुसती पोरगी असते, कधी मोलकरीण. साधा कोश अशा वेळी कुचकामी ठरतो, कारण तो शब्दाचा आजचा अर्थ देतो आणि आपल्याला हवा असतो त्या सालचा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची ऑनलाइन आवृत्ती नेमकं हेच देते: प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणं. या एका कामात तिला तोड नाही. मात्र ती वाचायची कशी हे ठाऊक नसेल तर वर्गणी पाण्यात.

‘हसी’ची नोंद घ्या. व्युत्पत्ती थेट ‘हाउसवाइफ’कडे नेते. उच्चार झिजत ‘हझिफ’ आणि पुढे ‘हसी’ झाला. सोळाव्या शतकात घर नेटकं चालवणारी बाई, सतराव्यात उद्धट, चवचाल बाई. त्याच झिजलेल्या उच्चाराने सुईदोऱ्याच्या बटव्यालाही नाव दिलं. ब्रिटिश सैनिक तो सामानात बाळगत. म्हणून एकच नोंद वाचून थांबू नका, ‘हाउसवाइफ’चीही उघडा. शिवी कुठे फुटली ते दोन्ही शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

खरी गोची तारखांची. चौदाव्या शतकातल्या कवी चॉसरच्या अवतरणापुढे ‘c1405 (c1387–95)’ अशी नोंद असते. ‘c’ म्हणजे सुमारे. बाहेरचं साल हस्तलिखिताचं, कंसातलं रचनेचं. साल ‘a’ने सुरू झालं तर ‘त्याच्या आधी’ असं वाचायचं. हे न कळता कुणी बाहेरचंच साल उचलतो आणि शब्द दहा-वीस वर्षांनी तरुण होतो. शिवाय पहिलं अवतरण म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, फक्त सापडलेला सर्वांत जुना लेखी पुरावा.

अवतरणं नीट वाचली तर बरेच ग्रह गळून पडतात. ‘हार्लट’ म्हणजे आज वेश्या, पण आधी तो पुरुषाला लागायचा, भटक्या किंवा लफंग्या अशा अर्थाने. चॉसर तर आपल्या समनरला (चर्चच्या कोर्टाचा समन्स बजावणारा) भला, दयाळू हार्लट म्हणतो. ‘स्लट’ (आज चवचाल बाईला शिवी) वरून आलेलं ‘स्लटिश’ हे विशेषणही त्याने एका पुरुषाच्या गबाळ्या कपड्यांसाठी वापरलंय. लंडनचा रोजनिशीकार पेपिस याने 1664च्या रोजनिशीत घरातल्या छोट्या मोलकरणीला कौतुकाने ‘स्लट’ म्हटलंय, तिथे चारित्र्याचा संबंधच नाही. ‘टर्मागंट’ हा मध्ययुगीन ख्रिस्ती लेखकांनी मुसलमानांच्या माथी मारलेला काल्पनिक देव. रंगमंचावर तो आरडाओरडा करी आणि पुढे कजाग बाईचं नाव होऊन बसला. (आपल्या त्राटिकेचा प्रवास फार वेगळा नाही.)

आता दोष. सुधारित तिसऱ्या आवृत्तीच्या नोंदी 2000 पासून टप्प्याटप्प्याने येताहेत आणि काम अजून संपलेलं नाही. न सुधारलेल्या नोंदीत पहिल्या आवृत्तीच्या (1884 ते 1928) संपादकांचा सूर तसाच असू शकतो. याच संपादकांनी सर्वांत अश्लील असे दोन शब्द कोशात घेतलेच नव्हते. ते 1972च्या पुरवणीत आले. म्हणून नोंद कधी सुधारली हे आधी पाहा, व्याख्येवर विश्वास नंतर. दुसरं, शब्दाच्या वापराचं प्रमाण दाखवणारे आकडे अलीकडच्या शतकांतल्या इंग्रजीचेच आहेत. 1600 साली ‘क्वीन’ किती चाले हे त्यावरून कळत नाही. आणि हा ‘क्वीन’ राणीचा नव्हे. वेगळ्या स्पेलिंगचा (quean), ‘बाई’ या जुन्या अर्थावरून घसरलेला, स्वतंत्र नोंदीचा शब्द. घाईत राणीची नोंद उघडली तर सगळं गणित चुकतं.

‘स्पिन्स्टर’सारख्या शब्दाला मात्र कोश पुरत नाही. सूत कातणारी ते अविवाहित स्त्री हा बदल नोंदीत सापडतो, पण इंग्लंड आणि वेल्सच्या विवाहनोंदणीतून हा शब्द 2005 मध्ये गेला. असा शेवट कायद्याच्या कागदांतच शोधावा लागतो. ‘स्कोल्ड’चंही तसंच: भांडखोर बाई असणं हा तिथे 1967 पर्यंत कायद्याने गुन्हा होता.

दोन-चारच शब्द पाहायचे असतील तर वर्गणी भरू नका. व्युत्पत्ती देणारं एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ फुकट आहे, झटपट आहे. अवतरणं मात्र जवळपास नाहीत, म्हणजे दावा पडताळता येत नाही. रस्त्यावरच्या, बाजारू शिव्यांसाठी कोशकार जोनाथन ग्रीनचा ऑनलाइन स्लँगकोश 2018 पासून सर्वांना मोफत खुला आहे आणि तिथे तारखांसकट अवतरणं मिळतात. ‘टार्ट’, ‘बिम्बो’ अशा अलीकडच्या शब्दांना आधी तिथेच जा. सतराव्या शतकाच्या मागे जायचं असेल तरच ऑक्सफर्डची वर्गणी. ब्रिटनमधल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर ती फुकट चालते, तेवढं आधी तपासा.