कमॅरोचे मागचे शॉक: वायकिंग वॉरियर, डबल अ‍ॅडजस्टेबल

आमची १९६९ची शेव्हरोले कमॅरो झाकून ठेवायची गाडी नाही. मिशिगनच्या रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की ती गॅरेजात जाते. वसंतातल्या पावसाने मीठ धुऊन नेलं की मी ती बाहेर काढते, आणि मग थंडीपर्यंत ऑफिस, बाजारहाट सगळं तिच्यातूनच. म्हणून हा अभिप्राय रेसवाल्यांसाठी नाही, रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे.

तिला मागे मी वायकिंग वॉरियर शॉक लावले, म्हणजे चाकांचे हादरे आणि गाडीचं डुलणं आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. या शॉकना खालच्या टोकाला दोन नॉब आहेत. एक कॉम्प्रेशनचा: चाक वर येताना शॉक किती अडवतो ते. दुसरा रिबाउंडचा: चाक खाली परतताना किती अडवतो ते. दोन्हींना १९-१९ क्लिक, म्हणजे ३६१ जोड्या. आकड्याला बिचकू नका. रस्त्यावर लागतात त्या जोड्या मोजक्याच, आणि त्या सगळ्या मऊ बाजूला आहेत.

पुढे लोखंडी व्ही-८ इंजिन, मागे जवळजवळ रिकामी डिकी, त्यामुळे गाडीची मागची बाजू हलकी. खाली मात्र कमानपाट्यांवर (लीफ स्प्रिंग) दोन्ही मागची चाकं जोडणारा अख्खा जड अ‍ॅक्सल. अशा गाडीत कॉम्प्रेशन वाढवलं की काँक्रीटच्या हायवेवरचा प्रत्येक सांधा थेट कमरेत येतो आणि वळणावर खड्डा लागला की मागचं टोक बाजूला उडी मारतं. तो नॉब मऊच्या बाजूलाच ठेवा. खरं काम रिबाउंडचं.

दोन्ही नॉब सगळ्यात मऊवर न्या. टायरची हवा बघून घ्या आणि दर वेळी त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने जा. मी वूडवर्ड रस्त्यावरचा एक उंचवटा धरला होता. त्यावरून गेल्यावर गाडीची मागची बाजू एकदा वर येऊन बसली पाहिजे. ती पुन्हा डुलली तर रिबाउंड कमी आहे; दोन्ही बाजूंना सारखे दोन-दोन क्लिक वाढवा. डुलणं थांबलं की हात आवरा.

इथे बरेच जण फसतात. रिबाउंड जास्त झाला की ओळीने लागणाऱ्या छोट्या खड्ड्यांत चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही. मागची बाजू हळूहळू दबत जाते आणि शेवटी धाडकन आपटते. लागतं ते कडक, म्हणून माणूस कॉम्प्रेशन कमी करत बसतो, आणि दुखणं तसंच राहतं.

माझ्या गाडीला कॉम्प्रेशन ३ आणि रिबाउंड ७ मानवलं. मंडळाच्या गणपतीला चौघं बसून, डिकीत सामान भरून जायचं असलं की रिबाउंड ९ करते. त्याला जॅक लागत नाही, पण एका बाजूला जमिनीवर आडवं व्हावं लागतं, कारण या गाडीत एक शॉक अ‍ॅक्सलच्या पुढे आणि एक मागे आहे. १९६७च्या मॉडेलात दोन्ही पुढे होते आणि जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अ‍ॅक्सल थडथडायचा. १९६८पासून शेव्हरोलेने ही मांडणी बदलली. तरीही पाटे पिळवटत असतील तर कुठलाही शॉक ती थडथड पुरती थांबवणार नाही. बसलेले पाटे आणि त्यांच्या टोकांचे झिजलेले बुश (रबरी कडी) आधी बदला, मग शॉकवर खर्च करा.

स्वस्त नाहीत. एकाच नॉबवाले कमी पैशांत मिळतात, पण बऱ्याच सिंगल अ‍ॅडजस्टेबल शॉकमध्ये एक नॉब फिरवला की कॉम्प्रेशन आणि रिबाउंड दोन्ही एकदम वाढतात. गुळगुळीत रस्त्यांच्या गावात राहत असाल तर तेवढ्यावर खुशाल भागवा. आमच्याकडे हिवाळ्यानंतर रस्त्यांची जी चाळण होते तिच्यावर मला रिबाउंड हवा होता आणि कॉम्प्रेशन नको होतं. त्यासाठी जास्तीचे पैसे मी पुन्हाही देईन.